‘चांगला कोच उत्तर देत नाही’ म्हणे!

‘उत्तम कोचची लक्षणं’ अशा मथळ्याचा मजकूर कारखान्यांच्या एचआर ग्रुपवर वरचेवर येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात: कोच उत्तर देत नाही, फक्त प्रश्न विचारतो. त्याला कामाची तांत्रिक माहिती असायची गरज नाही. माणसाला ऐकलेलं २० टक्के आणि केलेलं ९० टक्के लक्षात राहतं, म्हणून थेट कामाला लावा. चूक सांगायची तर दोन कौतुकांच्या मध्ये सांगा. आणि एकदा शिकवलं की विश्वास टाका, मागे उभं राहू नका.

नव्या ऑपरेटरला मशिनवर उभं करायचं असेल, तर यातला प्रत्येक मुद्दा कुठे ना कुठे अडतो. तपासायला काम एकच घेऊ: सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशिनवर, वेअर ऑफसेट देणं. टूल झिजलं की मापात फरक पडतो, तो भरून काढणारा आकडा मशिनला देणं म्हणजे वेअर ऑफसेट. चाकण-भोसरीत हे कुठल्या ना कुठल्या मशिन-शॉपमध्ये रोज कुणीतरी शिकत असतं.

‘कोच उत्तर देत नाही, फक्त प्रश्न विचारतो’

ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास ५०.०० मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०२. जॉब, म्हणजे कापलेला भाग, मोजला तर ५०.०४ भरला. ऑफसेट पेजवर एक्सच्या (व्यासाच्या) रकान्यात आधीच +०.१० आहे. शिकणाऱ्या मुलाने −०.०४ टाइप केलं. फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर पडद्याखाली आता दोन पर्याय दिसतात, ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’. प्लस इनपुट दाबलं तर जुन्या आकड्यात बेरीज होऊन +०.०६ होतं आणि पुढचा जॉब मापात येतो. नुसतं इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन तिथे −०.०४ बसतो. म्हणजे व्यासावर ०.१४ चा फरक पडला आणि जॉब निघाला ४९.९०. बाहेरचा व्यास खाली गेला की तो जॉब स्क्रॅपच.

या क्षणी ‘तुला काय वाटतं, कुठली कळ दाबावी?’ असं विचारून काय मिळणार? ही माहिती विचार करून सापडत नाही, कुणीतरी सांगावी लागते. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेले प्रयोग याच बाजूचे आहेत. नवख्यांना सगळी गणितं स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर तशाच प्रकारची पुढची गणितं त्यांना कमी वेळात आणि कमी चुकांत जमली. पुढे याची उलट बाजूही दिसली: जाणकाराला तेच पायरी-पायरीचं मार्गदर्शन अडथळा ठरू लागतं.

म्हणून संदेशातलं वाक्य अनुभवी माणसापुरतं ठीक आहे. मशिन लावून देणाऱ्या सात-आठ वर्षांच्या अनुभवी सेटरच्या जॉबवर अचानक चॅटर मार्क (कंपनाने उमटणारे वळ) येऊ लागले, तर ‘काल आणि आज यात काय बदललं?’ हा प्रश्न कुठल्याही उत्तरापेक्षा मोलाचा. इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या कापणाऱ्या टोकाची) ग्रेड, जॉ-बोअरिंग, टूलचं ओव्हरहँग, स्पिंडल स्पीड हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच असतं, प्रश्न त्याला फक्त क्रम लावायला लावतो. प्रश्नांवर उभी असलेली कोचिंगची ‘ग्रो’ पद्धत १९९२ पासून गाजली ती जॉन व्हिटमोर यांच्यामुळे. ते मूळचे मोटार-शर्यतपटू आणि त्यांची विचारसरणी टिमथी गॉलवे यांच्या टेनिस प्रशिक्षणातून आलेली. चेंडू जाळ्यात गेला तर दुसरा मारता येतो. जॉब धरणारा चक फिरत असताना ती चैन नसते.

नवख्याला प्रश्न विचारायचे ते शिकवून झाल्यावर, आणि नेमके. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर येतं, ‘हो सर’. त्याऐवजी विचारावं, ‘आत्ता इथे आकडा किती आहे? प्लस इनपुट दाबल्यावर किती दिसायला हवा?’ कळ दाबण्याआधी +०.०६ हे उत्तर आलं, तर समजलं.

‘तांत्रिक माहितीची गरज नाही, गूगलने सिद्ध केलंय’

गूगलने २००८ मध्ये ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ सुरू केला. चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयींची यादी निघाली, तिच्यात ‘चांगला कोच असणं’ पहिलं आणि तांत्रिक कौशल्य आठवं. फॉरवर्ड करणारे इथेच थांबतात. पण आठवं म्हणजे यादीत आहे! टीमला सल्ला देता यावा एवढी तांत्रिक जाण हवी, असं तिथे स्पष्ट म्हटलेलं आहे.

काम न येणाऱ्याला कामाचे तुकडे पाडता येत नाहीत. ऑफसेटचंच बघा. जॉब पुसायचा आणि गार होऊ द्यायचा, कारण ५० मिमीचा स्टीलचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर व्यास सुमारे ११-१२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जास्त दिसतो. एकूण ४० मायक्रॉनच्या टॉलरन्समधला पाव हिस्सा तिथेच गेला. मायक्रोमीटरचं शून्य तपासायचं, रॅचेटनेच, म्हणजे ठरावीक दाबानेच, आवळायचं. ज्या टूलने तो व्यास कापला त्याच नंबरच्या ओळीवर कर्सर न्यायचा. शेजारच्या ओळीत आकडा टाकणं ही सर्रास होणारी चूक आहे. जुना आकडा कागदावर लिहायचा. चिन्ह आणि दशांश-टिंब पाहून टाइप करायचं, कारण टिंब विसरून ४ टाकलं तर काही कंट्रोल ते ४ मायक्रॉन समजतात, काही चक्क ४ मिलिमीटर. मग प्लस इनपुट, कागदाशी ताळा, आणि पुढचा एक जॉब मोजल्याशिवाय तिसरा लावायचा नाही.

उलट टोकाची चूकही तितकीच नेहमीची: सगळ्यात तरबेज ऑपरेटरलाच शिकवायला बसवणं. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासून बेन्सन, ली आणि श्यू यांनी २०१९ मध्ये दाखवलं की उत्तम विक्रेत्यालाच बढती जास्त मिळते, आणि मॅनेजर म्हणून तोच तुलनेने कमी पडतो. तरबेज माणसाचा हात इतका बसलेला असतो की शून्य तपासणं, ओळ बघणं या गोष्टी आपण करतो हेच त्याच्या लक्षात येत नाही. ‘त्यात काय सांगायचं?’ म्हणतो. त्याच्या शेजारी बसून, त्याला हळू काम करायला लावून, पायऱ्या, खाचाखोचा आणि त्यांची कारणं असा तीन रकान्यांचा कागद दुसऱ्याने लिहून काढावा. मग शिकवणारा मधल्या दर्जाचा ऑपरेटर असला तरी भागतं.

‘ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के’

ही टक्केवारी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवली जाते. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला, त्यात एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. इतके गोल आकडे खऱ्या मोजणीत येत नाहीत, एवढं शॉपमध्ये काम करणाऱ्याला तरी कळायला हवं.

त्यातून निघणारा ‘थेट कामाला लावा’ हा सल्ला जास्त महागात पडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवख्या कामगारांना घाईने तयार करायचं होतं, तेव्हा १९४० ते ४५ या काळात सुपरवायझरांना शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत शिकवली गेली. युद्धानंतर ती जपानला पोचली, टोयोटानेही उचलली. त्या पद्धतीत शिकणाऱ्याचा हात कामाला लागतो तो तिसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीत त्याची भीती घालवायची, त्याला आधी काय येतं ते विचारायचं आणि योग्य जागी उभं करायचं. समोर उभा राहिला तर डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून शेजारी. दुसरीत एकेक टप्पा करून दाखवायचा, मग खाचाखोचांसह पुन्हा, आणि एका वेळी पेलेल तेवढंच. तिसरीत तो करतो: आधी नुसतं, चूक दिसताच तिथल्या तिथे दुरुस्ती, नंतर प्रत्येक खोच तोंडाने सांगत. हे तोंडाने सांगणं गाळलं तर तो तुमच्या बोटांची नक्कल करतो, आणि आधीचा आकडा शून्य असलेल्या पहिल्या दिवशी नुसत्या इनपुटनेही जॉब बरोबर निघतो. चूक तशीच लपून राहते.

‘टीका दोन कौतुकांच्या मध्ये’

क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून निघून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की परिणाम ढासळतो, असा त्यांचा निष्कर्ष. ‘तू हुशार आहेस, पण...’ यात नेमकं तेच होतं. शिवाय दोन-तीनदा असं ऐकलं की माणूस कौतुक सुरू होताच ‘पण’ची वाट बघू लागतो.

‘तिसरा जॉब ४९.९० आला. पेजवर −०.०४ दिसतंय, +०.०६ हवं होतं. प्लस इनपुटऐवजी इनपुट दाबलं गेलं. जुना आकडा लिहून घे आणि माझ्यासमोर एकदा टाक.’ काय झालं, का झालं, आता काय करायचं, एवढंच. हे चारचौघांत ओरडून नाही, त्याच्या मशिनपाशी आणि त्याच शिफ्टमध्ये सांगायचं. सोमवारचा जॉब शनिवारच्या मीटिंगमध्ये काढला तर कुठली कळ दाबली होती हे त्यालाही आठवत नाही. कौतुक करायचं तर तेही असंच नेमकं आणि वेगळ्या वेळी.

‘एकदा शिकवलं की विश्वास टाका’

युद्धकाळातल्या त्या चार पायऱ्यांच्या पद्धतीची चौथी पायरीच मागे राहण्याची आहे. फक्त तपासणी हळूहळू विरळ करत न्यायची: पहिल्या दिवशी प्रत्येक ऑफसेट-बदल आपल्यासमोर, मग दिवसातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. पुढे कधी जायचं हे तारखेवर ठरवू नये. इन्सर्ट बदलल्यानंतरचा पहिला जॉब त्याने लागोपाठ काही वेळा न विचारता मापात काढला, की तपासणी एक पायरी विरळ करावी. पुन्हा चूक झाली तर एक पायरी मागे यावं, आणि ही शिक्षा नाही हे त्याला आधीच सांगून ठेवावं.

अडलं तर कुणाला विचारायचं हेही नावानिशी ठरवून द्यावं लागतं. ‘कुणालाही विचार’ म्हटलं की शेजारचा आपली सोयीची पद्धत शिकवतो. दिवसपाळीला सेटर असतो. तिसऱ्या पाळीला बऱ्याच शॉपमध्ये तो नसतो, आणि नवख्याला स्वतंत्र मशिन बहुतेकदा त्याच पाळीत मिळतं. तिथे तो तीन रकान्यांचा कागद कंट्रोलशेजारी लावावा, आणि जॉब टॉलरन्सबाहेर गेला तर मशिन थांबवून सकाळपर्यंत बाजूला ठेवायची मुभा त्याला लेखी द्यावी.