मलय साहित्य म्हणजे राजाची हांजी हांजी? मुळीच नाही

‘मलय साहित्यात राजनिष्ठेपलीकडे काही नाही. सामान्य माणूस त्यात सापडत नाही. अस्सल मलय रक्ताच्या माणसाखेरीज तिथे कुणाला जागा नाही. हांग तुआहची गोष्ट वाचा, मलय माणूस जात्याच ताबेदार का ते कळेल.’ असा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. क्वालालंपूरला शिकायला निघालेल्या माझ्या भाचीने तो पाठवून विचारलं, ‘मावशी, खरंय का हे?’ नाही, खरं नाही.

हांग तुआहचा मुद्दा सर्वांत संतापजनक आहे. लिहिणाऱ्याने ‘हिकायत हांग तुआह’ ही जुनी मलय वीरकथा पुरती वाचलेलीच दिसत नाही. मलाक्का या जुन्या मलय राज्याचा राजा चुगलीवर विश्वास ठेवून आपल्याच निरपराध योद्ध्याला, तुआहला, देहदंड फर्मावतो. प्रधान त्याला गुपचूप लपवतो. तुआह मेला असं समजून त्याचा जिवलग मित्र हांग जेबात बंड करतो, थेट राजवाडाच बळकावतो. मग राजा तुआहला परत बोलावतो आणि तुआह त्याच मित्राला ठार करतो. निष्ठा मोठी की न्याय, हा प्रश्न कथेच्या पोटातच आहे! 1957 साली मलाया (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) स्वतंत्र झाला आणि 1959 मध्ये कासिम अहमद यांनी आपल्या प्रबंधात जेबातलाच खरा नायक ठरवलं. पुढे उस्मान अवांग यांनी जेबातच्या मरणावर नाटक लिहिलं. ताबेदारांच्या साहित्यात असे वाद होतात का? एखादा समाजच्या समाज जन्मजात अमुक असतो म्हणणं ही वसाहतीच्या साहेबांची खोड. समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी 1977 मध्ये तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

जुनं बरंचसं लेखन दरबाराच्या आश्रयाने झालं, एवढं मान्य. पण ‘सेजाराह मलायू’ या मलय राजांच्या बखरीसारख्या दरबारी ग्रंथातही राजा-प्रजेतला करार आहे: प्रजेने राजद्रोह करू नये आणि राजाने प्रजेची बेअब्रू करू नये.

सामान्य माणूस नाही म्हणे! शाहनोन अहमद यांच्या 1966 च्या कादंबरीत केदाह या मलेशियातल्या राज्याचा भातशेतकरी लाहुमा पायात काटा रुतून, तो चिघळून मरतो आणि मागे बायको व सात मुली शेताशी झुंजत राहतात. 1950 मध्ये सिंगापुरात स्थापन झालेल्या ‘आसास 50’ या लेखकसंघाचं ब्रीदच ‘समाजासाठी कला’ होतं.

रक्ताचं म्हणाल, तर ज्याच्यापासून आधुनिक मलय गद्याची सुरुवात मानतात, तो एकोणिसाव्या शतकातला लेखक मुन्शी अब्दुल्ला अरब-तमिळ वंशाचा होता. आणि 1838 मध्ये केलंतान या मलय राज्याच्या प्रवासवर्णनात त्याने मलय राजांच्या जुलमावर उघड लिहिलं.