कासवासाठी जागा पाहिजे

घर लहान असेल तर प्राणीही लहान पाळावा, हे इतकं सरळ आहे की त्यावर वाद घालायचं कुणाला सुचत नाही. कुत्र्याला फिरवायला न्यावं लागतं, मांजर हळूहळू आपल्यालाच घराबाहेर काढतं, आणि मासे सुंदर असले तरी ओळख दाखवत नाहीत. त्यामुळे लेकीने कासवाचा ठराव मांडला तेव्हा आमच्या दोन खोल्यांत तो एकमताने मंजूर झाला. भुंकणार नाही, सोफा ओरबाडणार नाही, शिवाय स्वतःचं घर पाठीवर घेऊन येणार. जागेच्या बाबतीत इतका समंजस पाहुणा दुसरा कोण?

पाठीवरचं घर पहिल्याच बैठकीत निकालात निघालं. कवच म्हणजे त्याचा मुक्काम नव्हेच. कणा आणि बरगड्याच त्या कवचात जोडलेल्या असतात. थोडक्यात, पाहुणा रिकाम्या हाताने येतो. घर आपण द्यायचं.

किती मोठं, ते विचारायला नको होतं, पण विचारलं. पाळायच्या, जमिनीवर राहणाऱ्या लहान कासवांत हॉर्सफील्ड जातीचं नाव पुष्कळ घेतलं जातं. त्यालाच रशियन कासव म्हणतात. पूर्ण वाढलं तरी साधारण २० सेंटीमीटर. अशा एका कासवाला निदान ८ बाय ४ फूट जागा द्यावी, असं अनुभवी पाळणारे सांगतात. म्हणजे ३२ चौरस फूट. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी उंची १७० सेंटीमीटर. कासवाला ज्या प्रमाणात लांबी-रुंदी मिळते त्याच प्रमाणात मला द्यायची झाली, तर माझ्या एकट्याच्या वाट्याला सुमारे २,३०० चौरस फूट येतात. हा कागद मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "मग पुढच्या जन्मी कासव हो."

मग आणखी लहान कासवाचा शोध सुरू झाला. जगातलं सगळ्यात लहान कासव दक्षिण आफ्रिकेत राहतं, ठिपकेवालं पॅडलोपर. जेमतेम १० सेंटीमीटर. अगदी आमच्या मापाचं. पण ते बंदिस्त जागेत फारसं टिकत नाही. इजिप्शियन कासव तेवढंच गोजिरवाणं. पॅनकेक कासव तर चपटं, अंग चोरून खडकांच्या फटीत शिरणारं. मी मनातल्या मनात त्याला पुस्तकांच्या कपाटात जागा देऊनही टाकली होती. स्टार कासव देखणं, पाठीवर चांदण्या. या तिघांची नावं 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे रानातल्या या प्राण्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पॅनकेक आणि स्टार तर २०१९ मध्ये त्या यादीत चढले. एकूण काय, जे घरात मावतं ते कायद्यात बसत नाही.

आणि जे सहज मिळतं ते? एका विक्रेत्याने तळहातावर मावणारं पिल्लू पुढे केलं. पाच-सहा सेंटीमीटर, डोळे असे की लेक तिथेच विरघळली. "घ्या साहेब, जेवढी पेटी तेवढंच वाढतं." हे वाक्य ऐकलं की दुकानातून निघावं. कासव पेटी बघून वाढत नाही. लहान पेटीत ते आजारी पडतं, कवचही बेढब होऊ शकतं. पिल्लाचं नाव विचारलं तर म्हणे सुल्काटा. हे आफ्रिकी कासव मोठेपणी ४५ किलोच्याही पुढे जातं. त्याने ठरवलं तर ते आम्हालाच पेटीत ठेवेल.

शेवटी गाडी हॉर्सफील्डवर परत आली. मला त्याचा एक भूतकाळ फार आवडला. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत 'झाँड-५' यानातून या जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून पृथ्वीवर परत आली. माणसं 'अपोलो-८'मधून तिथे पोचली डिसेंबरात. शर्यत पुन्हा कासवानेच जिंकली, आणि या वेळी ससा झोपलाही नव्हता. अशा घराण्यातल्या प्राण्याला "वॉशिंग मशीनच्या पलीकडे जायचं नाही" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यातून त्याला उकरायचा आणि चढायचा नाद. पेटीच्या भिंती काचेच्या नकोत, कारण काच ही भिंत आहे हे त्याला पटत नाही. ते तिला धडका देत राहतं. तळाशी उकरता येईल इतकी माती हवी. एका टोकाला ३५ अंशांच्या आसपास ऊब देणारा दिवा, दुसरं टोक थंड. शिवाय अतिनील किरणांचा वेगळा दिवा, कारण खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कवचाच्या उपयोगाचे किरण जवळजवळ उरतच नाहीत. हा दिवा पेटत असला तरी आतून संपत जातो, म्हणून ठराविक काळाने बदलायचा. आमच्या बाथरूमचा दिवा पेटतसुद्धा नाही, तरी तो कुणी बदललेला नाही.

थंड देशांत हिवाळी झोपेसाठी कासवाला चक्क फ्रिजमध्ये ठेवतात, सुमारे ५ अंशांवर, आणि हवेसाठी रोज दार उघडतात. लेकीने हे मोठ्याने वाचलं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "भाजीच्या कप्प्यात?" वेगळा फ्रिज घेतात, हे सांगायला मी तोंड उघडलं, मग जागेचा विचार करून मिटलं.

राहता राहिलं आयुष्य. नीट सांभाळलं तर चाळीस वर्षं सहज. घराचं कर्ज त्याच्या ऐन तारुण्यात फिटेल. मृत्युपत्रात कासवाचा कलम कोणत्या क्रमांकावर घालावा, यावर आमचं रात्री उशिरापर्यंत चाललं.

अखेर लेकीनेच तोडगा काढला. पिल्लू नकोच, कायदा परवानगी देत असेल तर कुणी सांभाळता न आल्याने निवारा केंद्रात सोडलेलं मोठं हॉर्सफील्ड आणायचं, रीतसर कागदांसह. मोठ्याची वाढ झालेली असते, त्यामुळे जागा किती लागणार ते आधीच कळतं. मग तिने आराखडा काढला: पायांवर उभी लाकडी पेटी, ८ बाय ४, वरच्या मजल्यावर कासव. माझं लिहायचं टेबल आराखड्यात कुठे दिसेना.

"बाबा, तू पेटीच्या खाली बसायचंस," ती म्हणाली. "तुझी वाढ पूर्ण झालीये, म्हणून माप नक्की घेता आलं."