स्वमग्नता आणि पोलीस पडताळणी : एक खुलासा

‘स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान असलेला उमेदवार वास्को-दाबोळी भागातल्या संरक्षण आस्थापनांच्या पोलीस पडताळणीत बाद होतो, म्हणून निदान लपवा,’ असा संदेश गोव्यातल्या पालकांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि त्यातला सल्ला घातक आहे.

केंद्रीय नोकरीच्या साक्षांकन अर्जात (पडताळणीसाठी उमेदवाराने भरायच्या अर्जात) मागील पाच वर्षांतले वास्तव्य, अटक, खटला, दंड अशी पूर्ववृत्ताची माहिती विचारतात; स्वमग्नता म्हणजे डागाळलेले चारित्र्य नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ तिला दिव्यांगत्व मानतो, शासकीय नोकरीत भेदभावाला मनाई करतो आणि राखीव ४ टक्के जागांपैकी १ टक्का ज्या गटासाठी ठेवतो त्यात तिचा समावेश आहे. अर्थात, कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला सरकार या तरतुदींतून सूट देऊ शकते, आणि वैद्यकीय तपासणी वेगळी असते.

खरा धोका विचारलेली माहिती दडवण्यात आहे. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले की अटक, खटला, शिक्षा यांविषयीची माहिती खरीच दिली पाहिजे. किरकोळ जुने प्रकरण दडवले असल्यास नियोक्ता ते माफ करू शकतो, परंतु तो उमेदवाराचा हक्क नाही.

घरी आलेल्या पोलिसाच्या नजरेला नजर न देता मुलगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत उत्तरे देत असेल, तर आईवडिलांनी, मुलाची हरकत नसल्यास, त्याचे कारण स्वमग्नता आहे, हे तिथेच मोकळेपणाने सांगावे.