टूरिंगचे बूट दोन साइज मोठे घेऊ नका

"स्की टूरिंगचे बूट घेण्याआधी हे वाचाच" अशा मथळ्याचा एक मराठी मेसेज सध्या म्युनिक, झुरिक, इन्सब्रुककडच्या आपल्या लोकांच्या ग्रुपांवर फिरतोय. (स्की टूरिंग म्हणजे पायाला स्की लावूनच डोंगर चढायचा आणि मग घसरत उतरायचा.) लिहिणाऱ्याचं नाव नाही, खाली "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" आहे. मला तो दोन-तीन ठिकाणांहून आला, मी दुर्लक्ष केलं. मग इन्सब्रुकला शिकणाऱ्या माझ्या भाचीनेच तो मला पाठवला, सोबत एका जुन्या जोडाचा फोटो. "मावशी, यात सांगितलंय त्या हिशोबाने २६.५ घेतेय. ८० युरोत मिळतोय, अजिबात न वापरलेला." तिचं पाऊल २४४ मिलिमीटरचं आहे. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: बूट दोन साइज मोठे घ्या आणि आत दोन जोड लोकरी मोजे घाला, दुकानात लायनर (बुटाच्या आतला मऊ, काढता येणारा थर) तापवून घेतला की कुठलाही बूट कुठल्याही पायाला बसतो, जितका हलका तितका चांगला, फ्लेक्सचा (बूट पुढे वाकवायला किती कडक, त्याचा) आकडा मोठा म्हणजे क्वालिटी चांगली, टूरिंगचा बूट कुठल्याही बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवणाऱ्या यंत्रणेत) चालतो, आणि प्लास्टिकला काही होत नाही, तेव्हा पंधरा वर्षं जुना पण न वापरलेला जोड मिळाला तर बिनधास्त घ्या.

"दोन साइज मोठे, दोन जोड मोजे"

सगळ्यात जास्त पसरलेला मुद्दा हाच, आणि सगळ्यात मूर्खपणाचाही हाच. तो कुठून आला ते ओळखणं अवघड नाही. सह्याद्रीत भटकणारे आपण सगळेच ट्रेकिंगचे बूट एक नंबर मोठे घेत आलोय. हरिश्चंद्रगड उतरताना अंगठा पुढे आपटू नये, पाय सुजला तर जागा राहावी, म्हणून. त्या बुटांना ते ठीकच आहे, कारण ते पावलाबरोबर वाकतात आणि नाडी आवळली की पावलावर बसतात. स्कीच्या बुटाचं बाहेरचं शेल कडक प्लास्टिकचं असतं. बकल आवळून ते वरून थोडं दाबता येतं, पण त्याची लांबी तसूभरही कमी होत नाही.

स्कीच्या बुटांना मोंडोपॉइंट माप असतं, म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. २४.५ म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटरचं पाऊल, त्यात गुंतागुंत काही नाही. संध्याकाळी मोजा, टाच भिंतीला लावून, उभं राहून, पूर्ण वजन टाकून. दोन्ही पावलं मोजा, ती सहसा सारखी नसतात. आणि मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीतच नसलेली गोष्ट अशी की बहुतेक कंपन्या अर्ध्या साइजसाठी वेगळं शेल बनवत नाहीत. २४ आणि २४.५ चं शेल एकच असतं, फरक असतो तो लायनरमध्ये किंवा नुसत्या आतल्या पट्टीत. म्हणजे दोन साइज वर जाणं म्हणजे पुढची दोन शेल ओलांडणं, आणि प्रत्येक शेल आधीच्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर लांब.

खरी परीक्षा दुकानात पाच मिनिटांत होते. लायनर उपसून बाजूला ठेवा. एका पातळ मोज्यावर रिकाम्या शेलमध्ये पाऊल घाला. बोटांची टोकं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकेपर्यंत पुढे सरका, गुडघे किंचित वाकवा, आणि टाचेमागे किती जागा उरते ते कुणाला तरी बघायला सांगा. उतारावर घट्ट पकड हवी असेल तर एक ते दीड सेंटिमीटर. दिवसभर चढायचं असेल तर दीड ते दोन. त्याच्या वर जागा उरली की तो बूट तुमचा नाही. भाचीला मी दुकानात घेऊन गेले. २४ च्या शेलमध्ये टाचेमागे दीड सेंटिमीटर जागा होती. मग तिला २६ च्या शेलमध्ये उभं केलं आणि पट्टी धरली: साडेतीन.

एवढ्या मोकळ्या जागेत पावलाचं काय होतं? चढताना प्रत्येक पावलाला टाच आतल्या आत उचलली जाते आणि लायनरवर घासते. बव्हेरियातल्या रोटवांडसारख्या साध्या, १,८८४ मीटरच्या डोंगरालासुद्धा आधी जंगलातल्या रस्त्याने बराच वेळ स्किनवर (स्कीखाली चिकटवलेल्या, मागे न घसरणाऱ्या पट्ट्यांवर) चालावं लागतं. टाचेची साल निघायला तेवढं पुरतं. उतरताना पाऊल पुढे सरकतं आणि अंगठा शेलवर आदळतो. ज्या भीतीने बूट मोठा घेतला, ते काळं नख मोठ्या बुटातच येतं.

मग माणूस काय करतो? पाऊल धरून ठेवायला मधलं बकल करकचून आवळतो. पावलाच्या वरच्या बाजूने, बरोबर त्या बकलाखालून, बोटांकडे रक्त नेणारी धमनी जाते. ती दाबली की बोटं बधिर होतात, गार पडतात. गार पडली म्हणून दुसरा मोजा, मोजा जाड म्हणून आणखी दाब, दाब वाढला म्हणून बोटं आणखी गार. उणे १५ मध्ये हा खेळ बोटांवर बेतू शकतो, आणि हा सल्ला नवशिक्यांना दिला जातोय म्हणून माझा संताप होतो. मोजा एकच घालायचा, पातळ, पोटरीपर्यंत, सुरकुती न पडणारा. ऊब द्यायची ती लायनरने आणि वाहत्या रक्ताने.

बरोबर मापाचा नवा बूट पहिल्यांदा घातला की आखूड वाटतो, हे मात्र खरं. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकतात. कफ (घोट्याच्या वरचा, पोटरीभोवतीचा भाग) बंद करून गुडघे पुढे दाबले की टाच मागे बसते आणि बोटं सुटतात. लोक ही दुसरी पायरी करतच नाहीत आणि "एक मोठा द्या" म्हणतात. त्यात लायनर वापराने दबत जातो, म्हणजे जागा पुढे वाढणारच असते. पहिल्या दिवशी ऐसपैस वाटलेला बूट पुढच्या मोसमात पायात डुगडुगतो.

ज्यांचा पंजा रुंद आहे त्यांचं दुखणं वेगळं आहे. ते लांबी वाढवून रुंदी मिळवायला बघतात. बुटांच्या माहितीत पंजाची रुंदी मिलिमीटरमध्ये दिलेली असते, साधारण ९८ पासून १०३ पर्यंत. लांबी तीच ठेवून रुंद साचा शोधा.

"लायनर तापवला की सगळं बसतं"

अर्धं खरं आहे. आजचे बहुतेक टूरिंग लायनर ईव्हीए फोमचे असतात, ते गरम करून पायावर बसवले की घोट्याच्या हाडाभोवती आणि बोटांना छान जागा मिळते. ते जरूर करून घ्या. पण तापतो तो लायनर, शेल आहे तसंच राहतं. हाड शेललाच लागत असेल तर शेल वेगळं गरम करून आतून फुगवावं लागतं, आणि तिथे प्लास्टिकच्या जातीचा प्रश्न येतो. पॉलियुरेथेन ऐकतं. पेबॅक्स आणि ग्रिलामिड ही हलकी प्लास्टिकं हट्टी असतात, फुगवलेला भाग पुन्हा मूळ जागी यायला बघतो, जास्त तापवलं तर शेल बिघडतं. कार्बनचा कफ असेल तर तिथे काहीच करता येत नाही. आणि साडेतीन सेंटिमीटरची मोकळी जागा कुठलीही भट्टी भरून काढत नाही.

हलकेपणा आणि फ्लेक्स

चढावर हलकेपणाचा फायदा आहे, हे मान्य. पण शर्यतीचा ५००-७०० ग्रॅमचा बूट, सव्वा किलोचा सर्वसाधारण बूट आणि दीड किलोच्या वरचा उतारासाठीचा बूट ही तीन वेगळी कामं आहेत. वाऱ्याने कडक केलेल्या, खडबडीत बर्फावर पातळ शेल तुम्हाला सावरत नाही, आणि नवशिक्याचा कस उतरतानाच लागतो.

फ्लेक्सच्या आकड्याला कंपन्यांमध्ये समान मोजमापच नाही. एकीचा १३० दुसरीच्या ११० सारखा लागू शकतो. शिवाय आकडा कडकपणाचा आहे, दर्जाचा त्याच्याशी काही संबंध नाही. पन्नास किलोच्या मुलीला १३० चा बूट पुढे वाकवताच येणार नाही.

"कुठल्याही बाइंडिंगमध्ये चालतो"

पहिल्या मुद्द्याने पाय सोलतो, याने गुडघा जातो. इथे मतामतांचा प्रश्नच नाही, आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. उतारावरच्या साध्या स्कीबुटाचा तळ आयएसओ ५३५५ प्रमाणे असतो: कडक, सपाट, पुढची कड १९ मिलिमीटर उंच, मागची ३०, दोन्हीकडे एक मिलिमीटरचीच सूट. टूरिंगच्या बुटाचा तळ आयएसओ ९५२३ प्रमाणे: चालता यावं म्हणून रबरी आणि गोलसर. ग्रिपवॉकचं (चालायला सोपा तळ असलेल्या उतारावरच्या बुटांचं) मानक आणखी वेगळं, आयएसओ २३२२३. तीन मानकं आहेत कारण तीन तळ पडताना वेगळे वागतात. साध्या बाइंडिंगमध्ये पडताना बुटाचं नाक एका गुळगुळीत पट्टीवरून बाजूला सरकतं आणि बाइंडिंग सुटतं. तिथे रबरी तळ दाबून बसला तर तो सरकत नाही. स्की पायाला तशीच राहते आणि पीळ गुडघ्यातल्या स्नायुबंधांवर येतो. बूट आत "क्लिक" झाला म्हणजे तो बाहेरही सुटेल, असं अजिबात नाही. बाइंडिंगवर कोणती मानकं चालतात ते लिहिलेलं असतं, ते वाचा. अनेक मानकं घेणारी बाइंडिंग मिळतात, त्यांनाही आपल्या बुटासाठी उंची लावून घ्यावी लागते.

काही हलके टूरिंग बूट तर ९५२३ मध्येही बसत नाहीत. डायनाफिट कंपनीच्या टीएलटी ८ आणि होजी प्रो टूर या बुटांना पुढची कडच नव्हती. ते पिन बाइंडिंगमध्ये (बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी पिना धरतात) उत्तम, पण फ्रेमच्या बाइंडिंगमध्ये (चढताना बुटाखालची पट्टीच टाचेसकट उचलली जाते) नाही, आणि पुढे तारेची कडी असलेले नेहमीचे क्रॅम्पॉनही (बर्फासाठी बुटाखाली लावायचे काटेही) त्यांना लागत नाहीत. हे डोंगरावर गेल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो.

साइजचा घोळ इथेही नडतो. तळाची लांबी टाचेजवळ शेलवर मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. बाइंडिंग बसवताना आणि सुटण्याचा आकडा (किती जोराने बाइंडिंग सुटावं ते) ठरवताना वजन, उंची, वय, कौशल्य यांच्याबरोबर ही लांबीही धरतात. शेल दोन सेंटिमीटर लांब झालं तर आकडा बदलतो, आणि कित्येक हलक्या पिन बाइंडिंगना मागेपुढे सरकवायला तेवढी जागाही नसते.

"प्लास्टिकला काही होत नाही"

मुंबईत किंवा कोकणात कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेले चांगले बूट लग्नाच्या दिवशी काढावेत आणि मांडवात पोचेपर्यंत तळ भुगा होऊन गळावा, हे बहुतेक घरांनी पाहिलंय. तो तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात, बूट वापरा किंवा खोक्यात ठेवा. पॉलियुरेथेनच्या जुन्या स्कीबुटांचंही तेच होतं. वरून चकचकीत, आणि गारठ्यात जोर पडला की शेल तडकतं, तेही उतारावर. म्हणजे "न वापरलेला" ही जुन्या जोडाची जाहिरात होऊ शकत नाही. शेलच्या आत बऱ्याचदा घड्याळासारखा गोल शिक्का असतो, त्यात साच्यातून निघाल्याचं साल आणि महिना दिसतो. विकणाऱ्याकडून त्याचा फोटो मागवायला भाचीला सांगितलं. साल २००७ निघालं. तिने तो जोड सोडून दिला.

पेबॅक्स आणि ग्रिलामिडची शेल याबाबतीत बरीच चिवट असतात, एवढं मेसेजचं मी मान्य करते. बकल, पट्टा, लायनर बदलताही येतात. म्हणून जुने बूट घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पण घेताना शेलच्या चकाकीपेक्षा लोखंड बघा. पिन बाइंडिंगची कल्पना १९८० च्या दशकात तिरोलच्या फ्रिट्झ बार्थेलने काढली ती अशी की पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारी पट्टी काढून टाकायची आणि ते काम कडक बुटाकडूनच करून घ्यायचं. म्हणजे बूट हाच बाइंडिंगचा अर्धा भाग. नाकाच्या दोन्ही बाजूंचे पोलादी खळगे झिजून लांबट झाले असतील किंवा गंजले असतील, तर पिना नीट धरत नाहीत आणि नको तिथे स्की सुटते. टाचेच्या पोलादी पट्टीचा स्क्रू ढिला आहे का ते पाहा. मग बूट उताराच्या स्थितीत कुलूपबंद करून कफ पुढेमागे हलवा. घोट्याजवळच्या रिव्हेटमध्ये खडखड जाणवली, तर तो जोड फुकट मिळत असला तरी घेऊ नका.