खिडक्या बंद करा आणि ॲप काढा, म्हणे!

सामाजिक सुरक्षेची सेवा कशी उभारावी याबद्दल एक संदेश सध्या बराच फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, पण सार असं: "पेन्शन, अपंगत्व भत्ता, बेकारी भत्ता, बाळंतपणाची मदत, सगळं एका ॲपवर आणा आणि कार्यालयं बंद करा. दलाल संपतील. ज्याला खरी गरज आहे तो अर्ज भरेलच. थोडा त्रास असला की बोगस लोक आपोआप गळतात. अपंगांसाठी वेगळी सोय नंतर करता येईल, ते असतात किती? आणि निर्णय संगणकाने घेतला की पक्षपाताचा प्रश्नच मिटला."

ऐकायला सगळं चोख आहे. म्हणूनच लोक न वाचता पुढे ढकलतात.

सुरुवात मधूनच करतो, कारण बाकी सगळ्याचा जीव त्या एका वाक्यात आहे: ज्याला खरी गरज आहे तो भरेलच. यामागची समजूत अशी की त्रास ही चाळणी आहे. गरजू वर राहतो, बोगस खाली पडतो. पण ही चाळणी गरज बघतच नाही. ती बघते अर्जदाराकडे वेळ किती, शिक्षण किती, तब्येत कशी आहे आणि सोबतीला कोणी आहे का. पक्षाघाताने उजवा हात गेलेला माणूस, नैराश्यात अंथरुणातून न उठणारी बाई, पंधरा दिवसांची बाळंतीण, नवरा गेल्यावर पहिल्यांदाच सरकारी कागद हातात घेणारी विधवा. गरज यांचीच सगळ्यात मोठी, आणि खेटे घालण्याची ताकद यांच्यातच सगळ्यात कमी.

हा नुसता तर्क नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीची, म्हणजे पेन्शन आणि अपंगत्वाची मदत देणाऱ्या सरकारी खात्याची, काही स्थानिक कार्यालयं बंद झाली. अपंगत्वाचा अर्ज भरायला तिथले कर्मचारी मदत करत असत. मानसी देशपांडे आणि यू ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा परिणाम तपासला. अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. आसपासच्या भागात अर्ज 10 टक्क्यांनी घटले, पण लाभ मिळणारे 16 टक्क्यांनी घटले, आणि ही घट टिकून राहिली. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. त्रासामुळे बोगस लोक गळत असते तर अर्ज बरेच घटले असते आणि खरे लाभार्थी होते तेवढेच राहिले असते. झालं नेमकं उलटं. निकषांत बसणारेच जास्त गळले, त्यातही कमी शिकलेले अधिक. आणि कारण निव्वळ अंतराचं नव्हतं. शेजारच्या चालू कार्यालयात वाढलेली गर्दी त्याहून मोठं कारण ठरली. म्हणजे ज्यांच्या जवळचं कार्यालय चालूच होतं, तेही भरडले गेले.

राहिला बोगसांचा मुद्दा. मुद्दाम फसवणारा माणूस चिवट असतो. तो फॉर्म तीनदा वाचतो, हवा तो दाखला पैदा करतो, रांगेत उभं राहायला माणूस ठेवतो. चुका करतो तो प्रामाणिक माणूस, आणि त्या चुकीलाच लबाडी समजलं की काय होतं ते नेदरलँड्सने दाखवलं. पाळणाघराच्या खर्चासाठी तिथे पालकांना अनुदान मिळतं. एखादी सही राहिली, स्वतःचा वाटा पूर्ण भरल्याचा पुरावा नाही, अशा किरकोळ कारणांवरून हजारो कुटुंबांकडून अख्ख्या वर्षाची रक्कम परत मागितली गेली. घरं कर्जात बुडाली. त्या प्रकरणाची जबाबदारी घेऊन जानेवारी 2021 मध्ये तिथलं अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं.

फसवणूक रोखायचा रस्ता आहे, पण तो अर्जदाराच्या दारातून जात नाही. कार्यालयांच्या आपापसातल्या व्यवहारातून जातो. बेल्जियमने 1990 मध्ये सामाजिक सुरक्षेच्या संस्थांना जोडणारी माहिती-पेढी उभी केली. एका संस्थेकडे असलेली माहिती दुसरीने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही, हे तिचं सूत्र. एस्टोनियात 2019 पासून मूल जन्मलं की नोंदवहीवरून सरकारलाच कळतं, आणि कुटुंबभत्त्याचा प्रस्ताव पालकांपुढे आपणहून येतो. त्यांनी फक्त होकार द्यायचा. इथे अर्जदाराचा त्रास कमी झाला आणि खोट्याला जागाही कमी उरली, कारण जन्माचा दाखला माणसाने आणून दिलेलाच नाही. अर्थात अशा जोडणीला खासगीपणाचा भक्कम कायदा लागतो. कोणी कुणाची कोणती माहिती कधी उघडली याची नोंद राहत नसेल, तर ही जोडणी न केलेली बरी.

आता "ते असतात किती?" जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 130 कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांत एकाला. पण माझा मुद्दा हा आकडा नाही. हा आकडा सगळ्या लोकसंख्येचा. या सेवेच्या दारात येणारी माणसं म्हणजे सगळी लोकसंख्या नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1952 च्या 102 क्रमांकाच्या करारात सामाजिक सुरक्षेच्या नऊ शाखा सांगितल्या आहेत: वैद्यकीय उपचार, आजारपण, बेकारी, म्हातारपण, कामावरची इजा, कुटुंब, बाळंतपण, अपंगत्व आणि कर्त्या माणसाच्या मागे राहिलेल्यांचा आधार. या यादीत धडधाकट, निवांत, डोळे-कान शाबूत असलेला माणूस शोधून दाखवा. बेकार तरुण सापडेल कदाचित, तोही निवांत नसतो. या खात्यात ज्यांना अपवाद म्हणतात तेच नेहमीचे लोक आहेत. त्यांची सोय "नंतर" करायची, तर आधी सेवा कुणासाठी उघडायची?

ही गैरसोय जवळून कशी दिसते तेही बघू. वृद्धापकाळ पेन्शनचा ऑनलाइन अर्ज आहे. जन्मतारीख टाइप करता येत नाही, छोट्या कॅलेंडरमधून निवडायची. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं आणि मागे जायला एकच बाण, दर टिचकीला एक महिना. वय वर्षं 65, म्हणजे 780 टिचक्या. बनवणाऱ्याने तपासलं असणार स्वतःच्या पंचविशीतल्या बोटांनी, आणि तेही बहुधा आजची तारीख टाकून. पुढचं पान. दृष्टिहीन अर्जदाराचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी संगणकातली सोय, वाचतो: "बटण. बटण. बटण." तिन्ही बटणांवर चित्रं आहेत, नाव एकालाही दिलेलं नाही, त्यातलं एक 'अर्ज रद्द करा' असू शकतं. मग वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा. मग ओटीपी, जो थरथरत्या हाताने चष्मा शोधेपर्यंत बाद होतो. शेवटी कागद जोडता जोडता वेळ संपते आणि भरलेलं सगळं पुसून पहिलं पान येतं.

यातली एकही गोष्ट सोडवायला अवघड नाही, आणि उपाय लिहून ठेवलेले आहेत. वेब सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष हेच सांगतात: बटणाला नाव द्या, वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवायची सोय द्या, अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात पुरेसा फरक ठेवा, साध्या मजकुरासाठी निदान साडेचारास एक या प्रमाणात. 2023 च्या आवृत्तीने तर लॉगिनसाठी स्मरणशक्तीची परीक्षा घेऊन वाट अडवू नका, असंही घातलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा करार आहेच. त्याचं नववं कलम सुलभतेचं आणि अठ्ठाविसावं सामाजिक संरक्षणाचं. "नंतर करू" म्हणणाऱ्यांना खर्चाचीही कल्पना नसते. बटणाला नाव द्यायला बनवताना काही सेकंद लागतात. तेच पाच वर्षांनी, शंभर पानांवर, मूळ कंत्राटदार निघून गेल्यावर करायचं म्हटलं की नवी निविदा निघते.

ॲपचं आणि दलालांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 मधल्या अंदाजाप्रमाणे तेव्हा जगातले सुमारे 260 कोटी लोक इंटरनेटबाहेर होते. पण इंटरनेट घरोघर पोचलेल्या ब्रिटनचं बघा. तिथे युनिव्हर्सल क्रेडिट हा एकत्रित भत्ता ऑनलाइन अर्जावर उभा केला. खात्याच्याच 2018 च्या पाहणीत कोणाच्याही मदतीशिवाय ऑनलाइन अर्ज करू शकलेले निघाले 54 टक्के. उरलेल्यांना कुणीतरी लागलंच.

दलाल जन्मतो तो याच "कुणीतरी"मधून. कार्यालयाच्या फाटकाशी उभा असलेला माणूस संगणकाच्या मागे जाऊन बसतो, एवढाच बदल. आधी तो फॉर्म भरायचे पैसे घ्यायचा. आता पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर आणि खातं कुठलं जोडलंय हेही त्यालाच ठाऊक. संदेश लिहिणाऱ्याची चीड मला कळते. खिडकीमागचा मुजोर माणूस कुणाला आवडतो? पण दलालाचा धंदा बसतो तो फुकटात, आदराने मदत करणारा अधिकृत माणूस जवळ असला की. तो खिडकीवर असेल, फोनवर असेल, उठता न येणाऱ्याच्या घरी जाणारा असेल. बहिऱ्या माणसासाठी फोनला पर्याय म्हणून लिखित संवाद आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. आणि दार कोणतंही असो, आतली फाईल एकच हवी. फोनवर सुरू केलेला अर्ज खिडकीवर पुरा करता आला पाहिजे, "ते ऑनलाइनवाल्यांना विचारा" हे उत्तर न ऐकता. ॲपलाही माझी ना नाही. ज्यांना जमतं ते ॲपवर गेले तर खिडकीवरची रांग त्यांच्यापुरती कमी होते, आणि तिथल्या माणसाला जमत नसलेल्यांसाठी वेळ उरतो. पण वाचलेला तो वेळ खिडकीवरच खर्च व्हायला हवा. ॲप आलं म्हणून खिडकीच काढली, तर कमावलं काय?

शेवटचा दावा निष्पक्ष संगणकाचा. ऑस्ट्रेलियातली 'रोबोडेट' योजना यासाठी पुरेशी आहे. तिथे भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. संगणकाने करखात्याकडून वर्षाची एकूण कमाई घेतली आणि 26 पंधरवड्यांत सारखी वाटून टाकली. समजा एकाने पहिले 13 पंधरवडे काम करून दर वेळी 2,000 डॉलर मिळवले आणि पुढचे 13 तो बेकार होता. वर्षाचे झाले 26,000. सरासरीने त्याच्या बेकारीच्या प्रत्येक पंधरवड्यावर 1,000 डॉलरची कमाई चिकटली. मग पत्र: तुम्ही कमाई लपवून भत्ता घेतलात, परत करा. तुमचं खरं असेल तर काही वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या आणा. अशी खोटी देणी चार लाखांहून अधिक लोकांच्या माथी मारली गेली, आणि 2023 मध्ये चौकशी आयोगाने ती योजना अन्याय्य आणि बेकायदा ठरवली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 2013 ते 2015 या काळात बेकारी भत्त्याच्या संगणकाने लोकांना परस्पर लबाड ठरवलं. माणसाने न बघता दिलेले 22 हजारांवर निर्णय राज्याने नंतर तपासले, तेव्हा त्यातले 93 टक्के चुकीचे निघाले.

संगणकाला पक्ष नसेल, पण सूत्र असतं, आणि सूत्र चुकलं की ते एकाच दिवशी सगळ्यांसाठी चुकतं. खिडकीवरचा माणूस निदान थकतो तरी.

म्हणून नकार देताना कारण लेखी, साध्या भाषेत आणि नेमकं हवं. "कागदपत्रं अपूर्ण" हे कारण नव्हे. कोणता कागद, कुठे द्यायचा, कधीपर्यंत, आणि तो मिळतच नसेल तर त्याऐवजी काय चालेल, हे त्यात हवं. नकाराविरुद्ध अपील करण्याचा हक्क ही काही नवी मागणी नाही. वर उल्लेखलेल्या 1952 च्या कराराच्या 70 व्या कलमात तो आहे. ते अपील ऐकणारा माणूस हवा, निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला. आणि खात्याने दर महिन्याला किती अर्ज निकाली काढले एवढंच छापू नये. किती अर्ज अर्धवट सुटले, कोणत्या पानावर सुटले आणि अपिलात किती निर्णय उलटले, हेही त्याच तक्त्यात छापावं.