४५ दिवसांत ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’? आमच्या आत्यानं बी शिजवलं हो!

महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या होत्या, तेव्हा आत्याचा फोन. “काऊन रे, ते फूल नाही उगवून राहिलं? मी तर चांगलं खळखळ उकळलं होतं बी.”

उकळलं? मग तिनं तो मेसेज पाठवला. बर्ड ऑफ पॅराडाइज या फुलझाडाचं बी दहा मिनिटं उकळा, केळीच्या खुंटाशी पेरा, दिवसभर कडक ऊन द्या. ४५ दिवसांत निळी, गुलाबी, जांभळी फुलं. खाली बी विकणाऱ्याची लिंक. आत्यानं दीडशे रुपये भरले आणि दिवस मोजून आषाढात पेरणी केली.

आधी ते उकळणं. बी म्हणजे जिवंत गर्भ. दहा मिनिटं उकळलं की त्याची उसळ होते, रोप नाही. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो: या बियांचं कवच टणक असतं. म्हणून ते कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं जरासं घासून बी एक-दोन दिवस कोमट पाण्यात ठेवतात. कोमट! चहाच्या पातेल्यात नाही. एवढं करूनही कोंब यायला एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे मेसेजातल्या मुदतीत फूल सोडाच, कोंब दिसला तरी नशीब.

आणि फूल? रोप फुलायला तीन ते पाच वर्षं. माझ्यावर विश्वास नसेल तर केपटाउनच्या किर्स्टनबॉश वनस्पती उद्यानाकडे बघा. हे झाड मुळात दक्षिण आफ्रिकेचंच. तिथल्या जॉन विंटर यांनी १९७०च्या दशकात दुर्मीळ पिवळ्या फुलाची रोपं वाढवायला घेतली. हातानं परागीकरण करायचं, बी धरायचं, पेरायचं आणि फुलायची वाट बघायची. पुरेशी रोपं होऊन ते वाण १९९४ साली बाहेर आलं. १९९६मध्ये त्याला मंडेलांचं नाव मिळालं. जवळपास २० वर्षं! उकळून काम भागत असतं तर त्या माणसानं एवढी वर्षं काय फक्त पाणी तापवायला घेतली असती?

रंगांचं यातच आलं. नेहमीचं फूल नारिंगी, त्यात निळी जीभ, क्वचित पिवळं. गुलाबी-जांभळं फक्त मोबाइलमध्ये उगवतं.

बियांचं पाकीट मी आत्याकडून मागवून घेऊन बघितलं. तळाशी चार दाणे उरले होते. खरं बी वाटाण्याएवढं, काळं, आणि ताजं असेल तर त्याला नारिंगी केसांचा झुपका. हे काळं होतं खरं, पण बारीक आणि टोकदार. आत्याचं माहेर शेतकऱ्याचं. चष्मा लावून बघितलं असतं तर तिनंच सांगितलं असतं की हे कांद्याचं बियाणं दिसतंय. पण फोटो इतका सुंदर होता की बियाकडे बघतंय कोण.

केळीचं म्हणाल तर लांबचं नातं आहे, आलं आणि कर्दळही त्याच गोतातली. पण तेवढ्यावरून केळीशेजारी पेरलं म्हणून फूल लवकर येत नाही. शेजारी डॉक्टर राहतो म्हणून आपण एमबीबीएस होतो का?

कडक ऊन? लिहिणारा मे महिन्यात नागपुरात आलेला दिसत नाही. पारा ४५च्या पुढे गेला की पानांच्या कडा करपतात. सकाळचं ऊन द्या, दुपारी हिरवी जाळी. आणि आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबून याची मांसल मुळं सडतात, त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. वाळू आणि शेणखत मिसळून निचरा करावाच लागतो.

खरं तर हे विदर्भात समजावून सांगायची पाळी यायला नको. संत्र्याचं बी पेरून कोणी बाग धरत नाही. जंभेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात, कारण बियाचं झाड फळायला फार वर्षं घेतं. इथं डोळ्याऐवजी गड्डा फोडायचा: जुन्या झाडाचा मुळांसकट फुटवा काढून लावला तर फूल साधारण एक-दोन वर्षांत दिसतं.

मखराला शेवटी बर्डीच्या फूल मार्केटातून शेवंती आणली. आत्याच्या मागच्या गल्लीत एका घरी बर्ड ऑफ पॅराडाइजचा जुना, दाट गड्डा आहे. फुटवा मागून ठेवलाय. उरलेले चार दाणे आत्यानं न उकळता टोपलीत टाकलेत. पात आली तर झुणक्यात घालणार म्हणते.