कोल्हापूर आकाशवाणीच्या स्थापनेविषयी खुलासा

‘आकाशवाणी कोल्हापूर 1963 पासून 102.7 मेगाहर्ट्‌झवर सुरू आहे’ हा सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. 1963 हे वर्ष सांगली केंद्राचे आहे. ते 1251 किलोहर्ट्‌झ या मध्यम लहरींवर चालत असे आणि या लहरी जमिनीलगत दूरवर जात असल्याने पन्नासएक किलोमीटरवरच्या कोल्हापुरातही ते स्पष्ट ऐकू येई. त्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांनी त्याला आपलेच केंद्र मानले, आणि हा घोळ बहुधा तेथूनच झाला असावा. त्या आपलेपणाला आमची हरकत नाही.

एफएम प्रसारण मात्र भारतात 1977 मध्ये प्रथम मद्रासला सुरू झाले आणि आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र 1984 मध्ये तमिळनाडूतील नागरकोईल येथे उभे राहिले, त्यामुळे 1963 मध्ये कोल्हापुरात एफएमवरील स्थानिक केंद्र असणे शक्यच नव्हते. कोल्हापूरचे केंद्र 1990 च्या दशकातले असून 102.7 ही वारंवारता त्याचीच आहे. मजकुरातील तेवढा तपशील बरोबर आहे.